पाच सूत, सहा सूत

"गाडी कौन चलाता?" रऊफभाईंनी विचारलं. उत्तर द्यायला करुणानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण अतुल तिच्या आधी बोलून मोकळा झाला होता. "मीच," तो म्हणाला. "मीच चालवणार आता." प्रश्न तसा साधाच होता. औरंगपुऱ्यातल्या त्या बोळातल्या सुट्या भागांच्या दुकानात क्लचचा मास्टर सिलिंडर घ्यायला जो येईल त्याला रऊफभाई तो विचारत असणार, चपलांच्या दुकानात पायाचा नंबर विचारतात तसा. क्लचचं पेडल शेवटी कुणाच्या तरी डाव्या पायाखाली यायचं असतं, तेव्हा तो पाय कसा आहे हे कळल्याशिवाय माल काढायचा कसा? म्हणून त्यांची नजर आधी अतुलच्या पायाकडे गेली, मग सवयीनं तिच्या. सलवारीखालून डोकावणारी, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची सळई, चामड्याचा पट्टा, जाड तळाचा बूट. तिथं ती नजर अडली आणि चटका बसल्यासारखी वर आली. "अच्छा, अच्छा," असं उगाचच म्हणत ते मागं वळले आणि फळीवरची खोकी खाली-वर करायला लागले. करुणाला त्यांचा राग आला नाही. असल्या नजरा तिनं जन्मभर झेलल्या होत्या, त्यांचं लोणचं घालता येईल एवढ्या. तिच्या कानात अडकलं होतं ते दुसरंच, अतुलच्या वाक्याच्या शेपटाला लागलेलं ते 'आता'. इतकी वर्षं गाडी ती चालवत होती. शेजारच्या सीटवर बसून मोबाइल चाळणारा माणूस 'मीच' म्हणाला होता, आणि इतक्या सहज, की कुणाला वाटावं मधली वर्षं कुणी दुसराच नवरा आणि दुसरीच बायको त्या गाडीत बसत होते.

गाडीला क्लच नव्हताच कधी. ऑटोमॅटिक होती ती. खाली दोनच पेडलं, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, आणि दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला त्या गाडीत काही काम नव्हतं. तो नुसता सोबतीला यायचा, लग्नाच्या वऱ्हाडात एखादा म्हातारा मामा येतो तसा. जगात आणखी कुठं करुणाच्या डाव्या पायाला अशी रजा मिळत नव्हती. जिना त्याला 'जमेल का' विचारायचा, रिक्षाची पायरी विचारायची, सिटी बसचा दांडा धरून चढताना मागची माणसं श्वास सोडायची तोही त्यालाच विचारल्यासारखा. गाडीत मात्र कुणी विचारत नसे. दार लावलं, कॅलिपरचं गुडघ्याजवळचं कुलूप सोडलं, पट्टा लावला, की ती सगळ्यांसारखी. सगळ्यांसारखी कशाला, बऱ्याच जणांपेक्षा बरी. क्रांती चौकात सिग्नल सुटताना ती आणि तिच्या शेजारचा बुलेटवाला एकाच वेळी निघायचे, आणि त्याला कळायचंही नाही की त्यानं कुणाशी बरोबरी केली.

गेल्या महिन्यात वाळूजहून येताना नगर नाक्यावर गाडी एकदम ओरडली आणि गिअर घेईना. बन्सीच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यावी लागली. बन्सीनं जॅकवर चढवून, खाली शिरून, बाहेर येऊन हात पुसत सांगितलं, "दादा, हा गिअरचा डबा आता कामाचा नाय राह्यला. दुसरा पुण्या-मुंबईकडून आणावा लागन, आन त्याचीबी खात्री नाय. माझं ऐका, मॅन्युअल करून टाका. ह्याच कंपनीची ठोकलेली गाडी आपल्याकडं पडून हाय. गिअरबॉक्स, पेडलं, सगळं जसंच्या तसं बसतंय." अतुल उभ्या उभ्या 'कर' म्हणाला. ती दोन हातांच्या अंतरावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, चहाचा कागदी कप धरून बसली होती. चहा गार होईपर्यंत तिची गाडी तिची उरली नव्हती. "मग मी?" असं तिनं घरी येताना रिक्षात विचारलं. "तू काय?" "मी कशी चालवणार?" अतुल हसला, वाईट नाही, चांगलंच हसला, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "अगं, तू जातीस तरी कुठं एवढी? कंपनीत मी सोडीन की सकाळी, आन आणीन संध्याकाळी. राणीवानी बस मागं." रिक्षा पुंडलिकनगरच्या वळणावर हेलकावली, तेव्हा त्यानं तिचा दंड धरला. आधार द्यायला त्याला नेहमीच आवडायचं.

आता हा कडेलोट पुरेसा नव्हता म्हणून की काय, त्या ठोकलेल्या गाडीचा क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह चेंदलेले निघाले. पेडल दाबलं की तेल ढकलणारा तो मास्टर, आणि पलीकडं गिअरबॉक्सपाशी त्या तेलाच्या रेट्यानं क्लच सोडवणारा तो स्लेव्ह. दोन्ही नवे घ्यायचे होते, एकमेकांच्या मापाला जुळणारे. आणि माप म्हटल्यावर अतुलला बायको आठवली. वाळूजला ती ज्या कंपनीत होती तिथं ब्रेकचे सिलिंडर बनायचे आणि करुणा क्वालिटीत होती. तिची सही झाल्याशिवाय पेटी बाहेर जात नसे. "तुला कळतंय ना त्यातलं, तूच निवड," तो म्हणाला होता, आणि म्हणताना त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. बकऱ्यालाच सुरीला धार लावायला सांगावं आणि वर म्हणावं, तुझ्याइतकी चांगली कुणाला जमते! ती 'येते' म्हणाली. का म्हणाली हे तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित चुकीचं माप बसलेलं तिला सहन होत नाही म्हणून. माणूस आपल्या अपमानाच्या जागीही आपली हुशारी घेऊन जातो, ही एक खोडच आहे.

रऊफभाईंनी काउंटरवर दोन मास्टर ठेवले. "ये पाच सूत, ये छे सूत. स्लेव दोनों को एकीच चलता." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कंपनीत ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलायची, पण लहानपणापासून कानावर पडलेलं सूत तिला जास्त आवडायचं, त्यात माणसाच्या बोटाचा वास होता. तिनं पाच सुताचा मास्टर हातात घेतला आणि त्याचा दांडा अंगठ्यानं आत दाबला. गेला. स्प्रिंगनं परत आला. मग सहा सुताचा. तोही गेला. रऊफभाई कौतुकानं बघत होते. "भाभी को मालूमात है," ते अतुलला म्हणाले. मग तिला सांगायला लागले, "पाच सूतवाला नरम रहता भाभी, ट्राफिक में पैर नै थकता. पूरा दबाना पडता मगर, जमीन तलक. छे सूत में आधे में काम हो जाता, पन कडक. लगाके ले जाते लोगां, और फिर घुटना पकड के आते." तिला हे ठाऊक होतं. तेलाला कुणाची दया येत नाही. क्लच सोडवायला जेवढे कष्ट लागतात तेवढे लागतातच. थोडा जोर लावून लांबवर दाबा, नाहीतर जास्त जोर लावून जवळच थांबा, एवढीच काय ती मुभा. जोरही नाही आणि लांबीही नाही अशा पायासाठी कुठल्याच खोक्यात माल नव्हता, आणि फळीवर वरपर्यंत शोधलं तरी निघणार नव्हता.

लोकांना वाटतं त्या पायाला काही कळत नाही. जाऊबाईंनी एकदा गंमत म्हणून तिच्या पोटरीला चिमटा काढून बघितला होता, आणि तिनं 'आई गं' म्हटल्यावर दचकल्या होत्या. कळतं सगळं. थंडी कळते, मुंगी कळते, आंघोळीचं पाणी जास्त तापलंय हे उजव्याच्या आधी कळतं. फक्त करता काही येत नाही. तिसऱ्या वर्षी ताप आला, आणि तापातून उठली ती असा पाय घेऊन. वडील, अप्पाराव, गंगापूरजवळच्या त्यांच्या गावातून तिला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे, ती पाचवीत जाईपर्यंत. गावाला वाटायचं, पोरीला शिकवून हा करणार काय. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. रोज सकाळी खाली बसायचे आणि म्हणायचे, "चढ." खांद्यावरून तिला बाभळींचे शेंडे दिसायचे आणि बापाच्या टोपीचा घामट वास यायचा. पुढं ती गाडी शिकली तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच शेजारी बसवून दौलताबादकडं घेऊन गेली. किल्ल्याच्या दरवाजातून गाडी काढताना समोरून एसटी आली, तिनं ती बरोब्बर वाट देऊन जाऊ दिली, आणि वाटलं, आता बाप काहीतरी बोलेल. त्यांनी मान वळवून मागं गेलेल्या एसटीकडं बघितलं. मग म्हणाले, "ब्रेक लई मारतीस. पट्टे झिजतेत." तिला तेव्हा राग आला होता. नंतर कुणीही केलेलं कौतुक तिला त्या वाक्याच्या पासंगाला पुरलं नाही. ते गेल्यालाही आता तीन उन्हाळे झाले.

अतुलला तिचं गाडी चालवणं कधी आवडलं नव्हतं हे तिला कळायला उशीर लागला. सुरुवातीला त्यानंच गाडी घेतली, लायसनसाठी आरटीओत हेलपाटे त्यानंच मारले, चार लोकांत तो सांगायचाही, आमच्या करुणाला गाडी येते. 'येते' म्हणणं वेगळं आणि ती चालवत असताना शेजारी बसणं वेगळं. एका लग्नात उतरताना त्याचा चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "काय अतुल, ड्रायव्हर लई भारी ठेवलाय!" सगळे हसले, अतुलही हसला, तीही हसली. परत येताना तो मागच्या सीटवर बसला, झोप आलीय म्हणून. त्यानंतर त्याला बऱ्याचदा झोप यायला लागली. ती एकटी कुठं गेली की फोन यायचा, पोहोचलीस का, निघालीस का, एवढा वेळ का. तिनं त्याला काळजी म्हटलं. काळजी हा शब्द फार सोयीचा, कशावरही अंथरता येतो. डबा खराब झाला तेव्हा बन्सीनं दिलेली बातमी ऐकताना तिनं अतुलच्या तोंडाकडं बघितलं होतं. दुःख तिथं नव्हतं. लांबलेली पाहुणी एकदाची गावाला निघाली म्हणजे यजमानाच्या तोंडावर येतं, ते होतं.

"कोणता घ्यावा?" अतुलनं विचारलं. बोळातून एक हातगाडी, तिच्यामागं अडकलेली रिक्षा, रिक्षामागं दुचाक्या, सगळा कलकलाट दुकानात शिरत होता आणि लोखंडाला, ग्रीसला, नव्या रबराला येणारा तो ओळखीचा वास तिच्या डोक्यात चढत होता. उत्तर सोपं होतं. पाच सूत. अतुलच्या पायाला, शहरातल्या गर्दीला, त्या स्लेव्हला, सगळ्याला पाच सूत नेमका पुरत होता. कंपनीत असती तर डोळे मिटून सही केली असती. तिनं अतुलच्या पायाकडं बघितलं. जीन्समध्ये भरलेली मांडी, बुटाच्या आत निवांत पसरलेला पंजा. तो उभा राहिला होता डाव्या पायावर भार देऊन, उजवा जरा वाकवून, आणि आपण असे उभे आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याचा हेवा वाटला नव्हता, प्रेम वाटलं होतं, कंटाळा वाटला होता, कधी कीव वाटली होती. त्या क्षणी मात्र तिला त्या पायाचा असा द्वेष वाटला की तोंड कडू झालं. दुखू दे, तिला वाटलं. रोज दुखू दे. जालना रोडवर, क्रांती चौकात, बाबा पंपापाशी, प्रत्येक सिग्नलला दुखू दे, आणि का दुखतोय हे कळू नये. "सहा सूत," ती म्हणाली. "क्लच लवकर सुटतो. गिअर अडकत नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. रऊफभाईंनी भुवया उचलल्या. "भाभी, शहर में कडक जायेगा." "चालेल," ती म्हणाली. "ते चालवणार आहेत. मजबूत पाय आहेत त्यांचे." अतुलला बरं वाटलं. निघताना त्यानं पिशवी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं तिला पायरीवरून उतरवलं.

बन्सीनं सगळं बसवून, तेल भरून, नळीतली हवा काढून गाडी दिली. अतुल तिला रोज वाळूजला सोडत राहिला आणि आणत राहिला. ती मागं राणीसारखी बसायची आणि त्याच्या डाव्या खांद्याकडं बघायची. पेडल दाबताना तो खांदाही किंचित खाली जायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातून सुस्कारे यायला लागले. तिला आनंद होत होता. खोटं कशाला बोला, होत होता. लपवून खाल्लेल्या गुळासारखा तो ती दिवसभर चघळत होती.

रविवारी दुपारी अतुल आणि त्याची आई भामाबाई जेवून आडवे झाले, तेव्हा किल्ली घेऊन ती खाली आली. गाडी आवारात कडुनिंबाखाली उभी होती. चालवायची नव्हती तिला. नुसतं बसायचं होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सीटवर बसल्यावर कॅलिपरचं कुलूप सोडलं, दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि तिसऱ्या पेडलवर ठेवला. पाय तिथं ठेवल्याजागी राहिला. पेडल हललं नाही. हे अपेक्षितच होतं, तरी ती बराच वेळ बघत बसली. मग तिच्या हातानं जे केलं ते तिनं ठरवून केलं नाही. कॅलिपर मिळण्याच्या आधी लहानपणी अंगणात ती चालायची ते गुडघ्यावर डावा हात रेटून, एकेक पाऊल हातानं टाकत. तोच हात आता गुडघ्यावर आला आणि त्यानं दाबलं. पेडल खाली गेलं. आणखी दाबलं. निम्म्याच्या थोडं अलीकडं गेलं आणि थांबलं. तिनं दात आवळले, पाठ सीटला लावली, अंगातलं होतं नव्हतं ते त्या तळव्यात आणलं. मनगट थरथरायला लागलं, गुडघा कळवळला, त्याला सगळं कळत होतं, आणि पेडल तिथून तसूभर हललं नाही. क्लच सुटायला अजून थोडंच हवं होतं. तिच्या डोक्यातलं क्वालिटीचं यंत्र तिनं न सांगता हिशेब करून मोकळं झालं. पाच सूत असता तर गेलं असतं. पार जमिनीपर्यंत गेलं असतं. गावभर नाही हिंडता आलं असतं, सिग्नलला नसतं जमलं, कायद्यातही नसतं बसलं, पण या गल्लीतून त्या कोपऱ्यापर्यंत, सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं पाय, ती गाडी हलवू शकली असती. कुणी दार लावलं नव्हतं पूर्ण. एक फट राहिली होती, आणि ती तिनं स्वतः निवडून, पारखून, सही केल्यासारखी बुजवली होती. कडुनिंबाच्या काड्या काचेवर पडत होत्या. ती रडली नाही. रडू यावं असं तिला फार वाटलं.

त्या आठवड्यात अतुल एका संध्याकाळी लंगडतच घरात आला आणि सोफ्यावर पडला. "लई भरून आलाय गं पाय," तो म्हणाला. आतून भामाबाई धावत आल्या. सत्तरीची बाई, पण लेकाच्या आवाजात कळ ऐकली की सांधे विसरायची. "काय झालं रं? डावाच का? आगं माय, सुजलाय की व्हय!" त्यांनी त्याची पँट गुडघ्यापर्यंत सारली, पोटरी दाबून बघितली, हळहळल्या, लहानपणी सायकलवरून पडला होता तोच पाय म्हणाल्या. करुणा दारात उभी राहून बघत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून भामाबाईंनी तिचा पाय एकदाही हातात घेतला नव्हता. टाकूनही बोलल्या नव्हत्या, ते खरं. त्यांनी त्या पायाकडं बघितलंच नव्हतं. "आगं, उभी काय राह्यलीस?" त्या तिला म्हणाल्या. "तेल कोमट करून आण. आन लाव त्याला जरा. माझ्या हातात आता जोर नाय राह्यला. तुझे हात लई घट्ट हायेत."

तिनं तेल आणलं. खाली बसणं तिला जमत नसे, म्हणून ती सोफ्याच्या टोकाला बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. जड होता. इतका जड पाय माणूस दिवसभर घेऊन हिंडतो आणि त्याला ओझं वाटत नाही, याचं तिला नवल वाटलं. अंगठे पोटरीत रुतवून तिनं वरून खाली ओढायला सुरुवात केली. कातडीखाली स्नायू गाठीसारखे फिरत होते, तिच्या हाताला उत्तर देत होते. "हां, तिथंच," अतुल डोळे मिटून म्हणाला. "तिथंच दाब." भामाबाईंनी तेलाची वाटी जवळ सरकवली. थोड्या वेळानं त्याचा चेहरा सैल झाला, श्वास लांब झाला, आणि झोपेच्या काठावरून तो बोलला, अगदी मायेनं, "करुणा, असं कर. उद्यापासून तू रिक्षानंच जात जा कंपनीत. मला हे रोजचं वाळूज नाय झेपायचं."

"बरं," ती म्हणाली.

"राग नाय ना आला?"

"नाही."

तिला खरंच राग आला नव्हता. राग यायला समोर कुणीतरी लागतं, आणि समोर फक्त तिचे स्वतःचे दोन तेलकट हात होते, जे थांबायला तयार नव्हते. अतुल घोरायला लागला तरी ती चोळत राहिली. पायाचा ठणका उतरत चालला होता, सूज ओसरत होती, सकाळपर्यंत तो बरा होणार होता, आणि तिच्या अंगठ्यांतून वर मनगटात, कोपरात, खांद्यापर्यंत कळ चढत होती.